डावी माझी नाही

नाशिकरोडला गाडी पाच तास लेट होती,
म्हणून आमची दिल्ली फलाटावरच सुरू झाली.
बेबीताई वाघेरेनं सतरंजी अंथरली,
शालिनी मोगलनं झेंड्याच्या काठ्या मोजल्या :
काठ्या बावीस, बाया एकवीस.
जिजा गांगुर्डेच्या सासूला ऐन निघताना चक्कर आली होती.
तिची काठी आम्ही तशीच बरोबर घेतली.

मी अंगणवाडी मदतनीस, फुलेनगर, पेठ रोड.
सेविका नाही, मदतनीस.
हा फरक महिन्यातून एकदा कळतो.
त्या पैशाला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं.
बारा वर्षं झाली,
मी घरी जाऊन सांगते, पगार झाला.

भोपाळच्या पुढे एकानं विचारलं, किधर?
मोर्चाला, म्हटलं.
त्यानं पाय आवरून घेतले.
जागा दिली की घाबरला, कोण जाणे.

दिल्ली मला दिसली ती एवढी :
एक पूल, माकडं, पाण्याचा टँकर,
आणि पुढच्या बाईचा अंबाडा.
लाल किल्ला बघ, लाल किल्ला, बेबीताई बसमधून ओरडली.
मी वळेपर्यंत सिमेंटची जाहिरात आली.

मैदान इतकं मोठं
की टाळ्या आधी पोचायच्या, वाक्य मागून यायचं.
आम्हीही वाजवायचो,
मग एकमेकींना विचारायचो, काय म्हणाले?

खरं सांगते, मी झोपले.
चपला काढून, पदर तोंडावर घेऊन,
राजधानीत, भर सभेत.
दुपारची झोप अशी मला माहीतच नव्हती.
त्या वेळेला मी पातेलं घासत असते.
हजारो बाया घोषणा देत होत्या
आणि एकीनंही मला उठवलं नाही.

जाग आली तेव्हा डोकं कुणाच्या तरी मांडीवर.
तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला.
तिनं बोटं नाचवली : मुलं किती?
दोन, मी दाखवलं.
ती हसली. नाही नाही, अशी मान हलवली,
हवेत पळी फिरवली, वाढल्यासारखं केलं.
अच्छा, ती.
मग मी दोन्ही पंजे चार वेळा उघडले.
तिनं सहा वेळा.

मग एकदम उठाउठ झाली, धूळ, शिट्ट्या,
आमची नाशिकची पाटी कुठे, पाटी कुठे,
आणि गाडीत बसल्यावर पाय वर घेतले तर
उजवी माझी, डावी माझी नाही.
निळ्या पट्ट्याची, एक नंबर मोठी,
अंगठ्याशी तारेनं शिवलेली.

पहाटे चारला नाशिकरोडला उतरले,
द्वारका, पंचवटी, पेठ रोड,
दर दुसरं पाऊल फटक वाजत होतं.
नऊ वाजता कुलूप उघडलं, डाळ धुतली.
दुर्वेश चार वर्षांचा, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.
बाई, तुमची एक चप्पल दुसऱ्या बाईची आहे.
हो रे.
मग ती बाई कशी चालते?

शेजारीण विचारते, मागण्यांचं काय झालं?
निवेदन दिलं. घेतलं म्हणे आत कुणीतरी.
ती म्हणते, म्हणजे काहीच नाही ना?
मी म्हणते, साठ मुलं आहेत तिच्याकडे. एकटी बघते.
ती म्हणते, कोण ती?

रविवार कारंजावर चपलेवाला नवा जोड दाखवायला लागला.
म्हटलं, राहू द्या,
तार टोचते तेवढी काढून दोरा घाला.

बाविसावी काठी जिजाला परत दिली, झेंड्यासकट.
झेंडा तिनं घडी करून ठेवला.
काठी कुंडीतल्या कारल्याला लावलीय.
वेल अजून अर्ध्यावर आहे.